तो छद्मी हसत नव्हता म्हणून

ट्युबिंगन, जर्मनी

तीर्थरूप अण्णा यांस,
साष्टांग नमस्कार, वि. वि.

फोनवर तुम्ही दोन वाक्यं बोलून लगेच आईकडे देता, म्हणून पत्र लिहिते आहे. आईच्या चष्म्याचा नंबर बदलून येईपर्यंत तिला तुम्हीच वाचून दाखवा.

दादानं मला सगळं सांगितलंय. तुमच्या नावाच्या पार्सलात अमली पदार्थ सापडले असा फोन, मग व्हिडिओ कॉल, समोर खाकी वर्दीतला माणूस, त्याच्या मागे भिंतीवर राजमुद्रा, टेबलावर लाल फितीच्या फायली. खोलीचं दार लावून घ्या, कॅमेरा बंद करायचा नाही, बायकोलाही सांगायचं नाही. आणि शेवटी मुदत ठेव मोडून पैसे ‘तपासणीसाठी’ त्यांच्या खात्यात भरणं. हेही कळलं की सायबर पोलिसांकडे जबाब द्यायला जायचं तुम्ही आज-उद्या करत पुढे ढकलताय, आणि आमराईत सकाळी फिरायला जाणंही बंद केलंय.

दादाला तुम्ही जे म्हणालात ते माझ्या डोक्यातून जात नाही. “अरे, तो छद्मी हसत नव्हता रे. मला काका म्हणत होता. बीपीची गोळी घेतलीत का, असंसुद्धा विचारलं त्यानं.”

आपल्या बोलण्यात छद्मी म्हटलं की पुढे हसणंच येतं. ओठाच्या कोपऱ्यातून, डोळे बारीक करून हसणारा माणूस. नाटकातला खलनायक तसा हसतो, कारण तो खलनायक आहे हे शेवटच्या रांगेतल्या माणसालाही कळायला हवं असतं. पण खऱ्या छद्माचा अर्थच असा की ते दिसत नाही. ज्याचं हसणं छद्मी म्हणून ओळखू येतं, त्याचं झाकण आधीच सरकलेलं असतं. तुमच्यासमोर बसलेल्याचं सरकलं नव्हतं. तो त्याचा सराव होता, अण्णा, तुमचा दोष नव्हे.

मी रोज या जुन्या शब्दांत राहते, तेव्हा हा शब्द तुमच्यापुढे नीट मांडते. ज्या गावात मी हे लिहिते आहे तिथेच रुडॉल्फ रोट संस्कृत शिकवत. १८५५ ते १८७५ या काळात सात खंडांत निघालेला पीटर्सबर्गचा संस्कृत कोश त्यांचा आणि बोटलिंक यांचा. तो इथल्या वाचनालयात हाताशी आहे, पण छद्म पाहायला मी आधी उघडला तो आपला आपटे. वामन शिवराम आपट्यांचा, १८९० सालचा. फसवा वेश, मग सबब, मग लबाडी, अशा पायऱ्यांनी तिथे हा शब्द उतरत जातो. छद् म्हणजे झाकणे. कृ पासून कर्म, जन् पासून जन्म, तसं छद् पासून छद्म. म्हणजे मुळात नुसतं झाकण. त्यात पाप नाही, पुण्य नाही.

त्याच धातूचं छत्र. त्याचंच आच्छादन, त्याचाच प्रच्छन्न. ऋग्वेदात सूर्याची मुलगी सूर्या हिच्या लग्नाचं सूक्त आहे, दहाव्या मंडलातलं ८५वं; दादाच्या लग्नात पाणिग्रहणाच्या वेळी गुरुजींनी म्हटलेला ‘गृभ्णामि ते’ हा मंत्र त्यातलाच. त्यात नवरी सासरी निघते तेव्हा तिचं मन ही तिची गाडी होती आणि आकाश हे गाडीचं छप्पर, असं म्हटलंय. छप्पर या अर्थी तिथला शब्द आहे छदि. छात्र हाही याच घरातला. गुरूची उणी बाजू जो छत्रासारखी झाकतो तो छात्र, असं पाणिनीच्या सूत्रावर काशिका या टीकेत सांगितलंय. इतक्या मायेच्या घरात जन्मलेला शब्द पुढे वाईट संगतीला लागला. अमरकोशात कपट, व्याज, दंभ, उपधि, छद्म, कैतव अशी एका ओळीत सगळी मंडळी बसली आहेत, आणि अमरसिंहानं ती ओळ घातली आहे नाट्यवर्गात. सोंग आणि लबाडी ही शेजारशेजारची घरं आहेत हे त्याला पक्कं ठाऊक असणार.

आता खरं सांगायचं ते सांगते. तुम्ही रामायण ऐकत मोठे झालात, मी तुमच्या तोंडून ऐकलं. पण अरण्यकांडातला तो प्रसंग मी या आठवड्यात पुन्हा वाल्मीकींच्या शब्दांत वाचला आणि मला तुम्ही दिसलात.

रावण येतो कसा? अंगात तलम भगवं वस्त्र, डोक्याला शेंडी, हातात छत्र, पायांत वहाणा, डाव्या खांद्यावर दंड आणि कमंडलू. तोंडी वेदघोष. बोलणं नम्र. एकही गोष्ट विसरलेला नाही. तुमच्यासमोरच्या माणसानं जशी राजमुद्रा, फायली, खांद्यावरच्या पट्ट्या, मागून येणारा वायरलेसचा आवाज यांतलं काही विसरलं नाही, तसंच. आणि सीता काय करते? आसन देते, पाय धुवायला पाणी देते, अन्न तयार आहे म्हणते. त्यानं विचारल्यावर आपलं नाव, माहेर, सासर, वनवासाचं कारण, सगळं खरंखरं सांगते. का सांगते, तेही वाल्मीकींनी लिहून ठेवलंय. हा ब्राह्मण आहे, अतिथी आहे, उत्तर दिलं नाही तर मला शाप देईल, असं तिच्या मनात येतं.

अण्णा, हे वाचून मी थांबले. आपण समजतो, ती भोळेपणानं फसली. तसं नाही. ती दोन गोष्टींमुळे बोलली, वेशाबद्दलचा आदर आणि वेशाची भीती. दोन्ही तिला चांगल्या घरात शिकवल्या गेल्या होत्या. खाकी दिसली की उभं राहायचं, सरकारी कागद आला की उत्तर द्यायचं, हे तुम्ही नोकरीच्या साऱ्या वर्षांत पाळलंत आणि आम्हालाही शिकवलंत. चोरानं तुमचा मूर्खपणा वापरला नाही. त्यानं तुमचा सरळपणा वापरला.

आणखी एक. वाल्मीकींच्या अरण्यकांडात लक्ष्मणरेषा नाही. कुठेच नाही. ती नंतरच्या कथांमधून आली आणि इतकी रुजली की आज सीतेचं नाव काढलं की लोक आधी म्हणतात, रेषा ओलांडायलाच नको होती. मला या गोष्टीचा फार राग येतो. फसवणाऱ्यानं केलं ते केलं, पण लोकांना फसलेल्याची चूक सापडल्याशिवाय चैन पडत नाही, आणि सापडली नाही तर जमिनीवर एक रेघ ओढून ती तयार करतात. उद्या तुम्हालाही कुणी म्हणेल, अनोळखी नंबर उचललाच कशाला, व्हिडिओ चालू केलाच कशाला. ती रेघ नंतर ओढलेली आहे. त्या दिवशी तुमच्या दारात ती नव्हती.

हनुमानही भिक्षूच्या वेशातच रामलक्ष्मणांपुढे जातो, किष्किंधाकांडात. हे दोघे कोण, वालीनं तर पाठवले नसतील, म्हणून सुग्रीवानं त्याला पाठवलेलं असतं. झाकण तेच, भिक्षूचंच. पण तो बोलता बोलता स्वतःहून सांगून टाकतो की मी सुग्रीवाचा सचिव, वानर आहे, रूप बदलून आलोय; आणि मग तो वेश टाकून दोघांना पाठीवर घेऊन निघतो. पांडवांचं विराटाच्या घरचं वर्षही तसंच. धर्मराज कंक झाला, द्रौपदी सैरंध्री झाली, बृहन्नलेनं उत्तरेला नाच शिकवला. विराटाचं त्यांनी काही लुबाडलं नाही, उलट त्याच्या गाई राखल्या. वेश घेणं एवढ्यावरून माणूस ठरत नाही. आपल्याकडे बहुरूपी यायचे ना, पोलीस होऊन दारात उभे राहायचे आणि शेवटी हसून पैसे मागायचे? त्यांना तुम्ही कधी रिकाम्या हातानं पाठवलं नाहीत.

मनुस्मृतीत छद्म करणाऱ्यासाठी छाद्मिक असा शब्द आहे. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला जो ग्रंथ जाळला गेला तो हाच, आणि त्यातलं जे जाळलं जायला हवं होतं त्याबद्दल माझं मत तुम्हाला माहीत आहे. पण लबाड माणूस ओळखण्यात तो लिहिणारा तरबेज होता. धर्माचा झेंडा मिरवणारा, सदा हावरा, छाद्मिक, लोकांना ठकवणारा, अशा माणसाला तो मांजराचं व्रत घेतलेला म्हणतो. महाबलीपुरमला पल्लवांच्या काळातल्या त्या प्रचंड शिल्पपटात हे मांजर कोरलेलं आहे. मागच्या पायांवर उभं, पुढचे दोन्ही पंजे तपस्व्यासारखे डोक्यावर, पोट आत गेलेलं, फासळ्या दिसताहेत. आणि पायाशी उंदीर. त्याच शिल्पपटात खराच तपस्वी तशाच पवित्र्यात उभा आहे. शिल्पकारानं दोघांचे हात सारखेच वर केलेत. हातांवरून फरक कळत नाही, पायाशी कोण आहे ते पाहावं लागतं.

कौटिल्य तर राज्यासाठी हेच धंदे शिकवतो. त्याचा तापस हेर गावाबाहेर शिष्य जमवून बसतो, महिन्या-दोन महिन्यांनी सगळ्यांसमोर मूठभर भाजी किंवा जव खातो आणि आत गुपचूप हवं ते जेवतो. अशा सोंगाला कौटिल्याचा शब्द आहे व्यंजन, आणि व्यंजन म्हणजे उघड करणारी खूण. छद्म झाकतं, व्यंजन दाखवतं. त्या खाकीनं दोन्ही कामं एकदम केली. चोर झाकला आणि सरकार दाखवलं. आपली नजर दाखवलेल्यावर जाते, कुणाचीही जाते.

मी टाळत होते त्या गोष्टीकडे आता येते. दादा म्हणाला, पैशांपेक्षा तुम्हाला दुसरंच खातंय. बँकेतल्या मुलीनं विचारलं होतं, काका, एवढी ठेव मोडताय, कुणी फोन तर करत नाही ना? आणि तुम्ही म्हणालात, नाही, मुलीला जर्मनीला पाठवायचेत. त्या चोरानं तुम्हाला तेच पढवलं होतं आणि फोन खिशात चालू होता. जन्मात खोटी नोंद न केलेल्या माणसाला त्यानं खोटं बोलायला लावलं. माझं नाव त्यात आलं म्हणून तुम्ही माझ्याशी बोलत नाही, हे माझ्या लक्षात आलंय.

अण्णा, जुन्या कायद्यात कपट आणि बळजबरी या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या सांगितल्या आहेत. मनूच्या आठव्या अध्यायात, जिथे व्यवहार म्हणजे खटल्यांचा विचार आहे तिथे, आधी म्हटलंय की गहाण असो, विक्री असो, दान असो, ज्या व्यवहारात उपधि म्हणजे कपट दिसेल तो सगळा माघारी फिरवावा. आणि तीनच श्लोक पुढे : बळजबरीनं दिलेलं, बळजबरीनं भोगलेलं, बळजबरीनं लिहून घेतलेलं, हे सगळं न केल्यासारखंच समजावं. ‘अकृतान्’ असा शब्द आहे. न केलेलं. दार लावून, कॅमेऱ्यासमोर बसवून, अटकेची धमकी देऊन तुमच्या तोंडून जे वाक्य काढलं ते तुमचं वाक्य नाही. माझं नाव घेतलंत याचं मला वाईट वाटलं नाही. त्या खोलीत एकटे असताना तुमच्या तोंडी माझं नाव आलं, एवढंच मी त्यातून घेते.

आजचा कायदाही तुमच्या बाजूनं आहे. ‘डिजिटल अटक’ असली कुठलीही गोष्ट आपल्या कायद्यात नाही. २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांना त्याबद्दल देशाला सांगावं लागलं, यावरूनच किती घरांत हे घडत असेल ते समजा. भारतीय न्याय संहितेत ३१९वं कलम केवळ याच गुन्ह्यासाठी आहे, दुसराच कुणी असल्याचं भासवून फसवण्याचं. मराठी पोलीस त्याला तोतयेगिरी म्हणतात.

तोतया या शब्दावरून तुम्हाला वेगळं काही सांगायला नको. पानिपतावर १७६१ साली सदाशिवरावभाऊ पडले, पण त्यांच्या मरणावर अनेकांचा विश्वास बसेना. मग एक माणूस उभा राहिला, मीच भाऊ म्हणून. त्याच्या मागे फौज जमली, कोकणातले किल्ले त्याच्या हाती गेले, आणि १७७६ साली पुण्यात त्याला देहदंड दिला तेव्हा कुठे ते बंड मिटलं. भाऊंच्या हाताखाली राहिलेली, त्यांना पाहिलेली माणसंही तेव्हा हयात होती. तरी फसले लोक. त्या सगळ्यांना मूर्ख म्हणायला माझी जीभ रेटत नाही. त्यांना भाऊ परत यायला हवे होते. तुम्हाला तुमच्या नावावरचा डाग जायला हवा होता. तोतया तिथेच पाय रोवतो, जिथे माणसाला काहीतरी मनापासून हवं असतं.

शेजारच्या पाटील काकू स्वाध्यायाला जातात, त्यांना विचारा छद्मस्थ म्हणजे काय. जैनांच्या बोलण्यात या शब्दाला लबाडीचा वासही नाही. ज्याच्या ज्ञानावर अजून कर्माचं आवरण आहे तो छद्मस्थ, म्हणजे केवलज्ञान, पूर्ण ज्ञान, होईपर्यंत प्रत्येक जीव. महावीरसुद्धा दीक्षेनंतर बारा वर्षांहून अधिक काळ छद्मस्थ होते, आणि त्यांचे पट्टशिष्य गौतम गणधर महावीरांचं निर्वाण होईपर्यंत. झाकण कधी समोरच्यानं घेतलेलं असतं, कधी आपल्या डोळ्यांवर असतं, आणि या दुसऱ्या झाकणाबद्दल कुणी कुणाला लाजवत नाही. हा अर्थ मला सगळ्यांत आवडतो. काकूंशी बोललात तर तुम्हालाही हलकं वाटेल. त्यांच्या पुतण्याच्या बाबतीतही असंच काही घडलं होतं, असं आई म्हणत होती.

दादाचं आणि माझं एका बाबतीत जमलं नाही, तेही तुमच्या कानावर घालते. त्याचं म्हणणं, नातेवाईकांत बोभाटा नको, झाकली मूठ सव्वा लाखाची. तो तुमच्या मायेनंच म्हणतो. पण या धंद्याला सगळ्यांत जास्त उपयोग होतो तो आपल्या झाकण्याचा. त्यांनी पहिल्याच फोनवर तुम्हाला काय सांगितलं? कुणाला सांगू नका. आपण अजूनही त्यांचंच ऐकतोय. आमराईत तुमच्यासोबत बाकावर बसणारे सगळे पेन्शनर, सगळ्यांच्या ठेवी, सगळ्यांकडे मुलांनी दिलेले मोबाईल. त्यांच्यातल्या पुढच्या माणसाला फोन येईल तेव्हा त्याला तुमची हकीकत ठाऊक असली पाहिजे. तुमच्यावर विश्वास आहे त्यांचा. टीव्हीवरच्या सूचनेपेक्षा तुमच्या तोंडून ऐकलेलं त्यांच्या लक्षात राहील.

जबाबाला दादा सोमवारी सुट्टी काढतोय. १९३० या सायबर हेल्पलाइनवर त्यानं तक्रार लगेच नोंदवली म्हणून पुढच्या खात्यातली काही रक्कम गोठवली गेली आहे; ती परत मिळण्यासाठी तुमचा जबाब लागणार. बरोबर पासबुक, ठेव मोडल्याची पावती, आरटीजीएसचा व्यवहार क्रमांक आणि त्या कॉलचे स्क्रीनशॉट घ्या. मोबाईलमधलं काही पुसू नका, त्यांचे मेसेज पाहवत नसले तरी. आणि बँकेत जे बोललात तेही जबाबात लिहवा, कुणी पढवलं होतं ते सांगून. त्या मुलीनं विचारलं होतं हेही लिहवा, तिनं आपलं काम नीट केलं होतं.

इथे थंडी उतरायला लागली आहे. पौष महिन्याआधी माझं येणं होईल असं वाटतं, तिकीट काढलं की कळवते. आईला नमस्कार, वहिनीला आठवण सांगा, पिल्लांना गोड पापा. पुढच्या रविवारी फोन करीन, तेव्हा आधी तुम्ही बोला, मग आईकडे द्या.

तुमची,
धाकटी